मामीच्या दाराचा दावा

माझा मामा शिंपी आहे. आमच्या भागातल्या निम्म्या पँटी त्यानं शिवल्यात आणि त्यातली एकही सांगितलेल्या दिवशी दिलेली नाही. हे मी भाचा म्हणून जपून बोलतोय, गिऱ्हाइकं याहून वाईट बोलतात. कपडे न्यायला आलेल्या माणसाला मामा मान वर न करता म्हणतो, "झालंच आहे हो. काज-बटण तेवढं राहिलंय." याचा अर्थ कापड अजून पिशवीतून बाहेर निघालेलं नाही, हे आता लहान पोरांनाही कळतं.

त्यामुळे या माणसानं बांधकामाला उशीर केला म्हणून कॉन्ट्रॅक्टरला कोर्टात खेचलंय, हे ऐकल्यावर जो तो आधी हसतो. मीही हसलो होतो. मामी हसली नाही, कारण तो दावा कागदावर मामाचा असला तरी होता तिच्या दाराचा.

त्यांचं घर कसं होतं ते सांगतो. पुढं दुकान, मागं एक खोली, संपला संसार. मागच्या खोलीला एकच दार, तेही दुकानात उघडणारं, आणि ते नेमकं जिथं उघडतं तिथं ट्रायलचा कोपरा. भिंतीला आरसा, वर ताणलेली तार, तारेवर पडदा. पडद्याआड गिऱ्हाईक पँट घालून बघत असलं की मामी मागच्या खोलीत बंद. एखादा पोट सुटलेला गृहस्थ श्वास रोखून हुक लावायची खटपट करतोय आणि मामी आत पिशवी घेऊन उभी. मग ती आतून विचारायची, "झालं का हो?" आणि पडद्याआडून कुणीतरी परका पुरुष ओशाळून म्हणायचा, "दोनच मिनिटं, वहिनी." मी जन्मलो तेव्हा मला बघायला सगळ्यांत शेवटी पोचली ती मामी, कारण एक साहेब नव्या कोटाच्या बाहीत अडकले होते. आई अजून तिला त्यावरून चिडवते. मामी म्हणते, "तुमच्या भावाला विचारा, बाही अरुंद कुणी शिवली होती."

दुकानावर मजला चढवायचं ठरलं तेव्हा मामीनं फरशी कुठली, रंग कुठला, काही विचारलं नाही. तिचं एवढंच म्हणणं होतं, "जिना बाहेरून हवा. आणि जिन्याच्या वर माझं दार. आतून कडी असलेलं. कोणी वाजवलं की मी आतून विचारणार, कोण आहे म्हणून."

"एवढंच?" मामा म्हणाला.

"एवढं तरी द्या," मामी म्हणाली.

कॉन्ट्रॅक्टर मामाच्याच ओळखीतला, म्हणजे मामाचंच गिऱ्हाईक. तो प्रत्येक गोष्ट सोमवारी करतो म्हणायचा. विटा सोमवारी, गवंडी सोमवारी, चौकटी सोमवारी. मामीनं त्याचं नावच सोमवार ठेवलं आणि पुढं घरात, दुकानात, वकिलाकडे, सगळीकडे तेच चाललं. पहिले काही महिने मात्र कामानं वेग घेतला होता. भिंती उठल्या, वर स्लॅब पडला, बाहेरून जिनाही झाला. मग माणसं कमी होत गेली. दोनाचा एक गवंडी झाला, एकाचा अर्धा झाला, म्हणजे दुपारनंतर यायला लागला. जिन्याला कठडा नव्हता, खिडक्यांच्या जागी नुसती भगदाडं होती आणि मामीच्या दाराला चौकट होती, दार नव्हतं.

एके दिवशी सोमवार स्वतः दुकानात आला, काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "काळजी करू नका. फिनिशिंग तेवढं राहिलंय."

मी तिथंच होतो. मामाच्या ओठात टाचण्या होत्या. त्या त्यानं एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या आणि सोमवार गेल्यावर आत जाऊन मामीला म्हणाला, "अगं, हा काही येत नाही आता."

"कशावरून?"

"फिनिशिंग तेवढं राहिलंय म्हणाला."

"मग?"

"मग काय! मी तरी कुठे देतो?"

वकील गाठला तोही गिऱ्हाइकातला. साधा माणूस, आवाज मोठा, आणि त्याचा नवा काळा कोट मामाकडे शिवायला पडलेला. दावा दाखल झाला तेव्हा मामानं त्याला कोट लवकर देतो असं सांगितलं आणि त्यानं मामाला निकाल लवकर लागेल असं सांगितलं. दोघांनीही एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं. दोघांचाही विश्वास बसला नसावा, पण चहा मात्र सगळ्यांनी घेतला.

पहिल्याच फेरीत वकीलसाहेबांनी मोठं काम केलं. बांधकाम जसं अर्धवट आहे तसंच राहू द्यावं, कोर्टाचा माणूस येऊन बघेपर्यंत त्याला कोणी हात लावू नये, असा 'जैसे थे'चा हुकूम त्यांनी मिळवला. कॉन्ट्रॅक्टरनं घाईघाईनं थातूरमातूर काम करून पुरावा बुजवू नये म्हणून. बाहेर येऊन त्यांनी मामाच्या पाठीवर थाप मारली. मामा खूश. घरी येऊन त्यानं मामीला सगळं समजावलं.

मामीनं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे कठडा लावायचा नाही?"

"नाही."

"दार?"

"त्याला तर अजिबात हात लावायचा नाही. तोच तर मुद्दा आहे."

"आपण आपल्या खर्चानं लावलं तरी?"

"अगं, जैसे थे म्हणजे जैसे थे."

"म्हणजे मी इथंच. पडद्याच्या मागं." मामी उठली. "ते तर कोर्टात न जाताही होतंच की."

मामा कात्रीला धार लावायला बसला. मीही टाचण्या गोळा करायला लागलो, आणि घरात शिकलेला मीच.

त्यानंतरच्या तारखांचा हिशेब मी ठेवला नाही. मामाबरोबर जायचं काम माझ्याकडे होतं, कारण मला कागद वाचता येतात आणि माझी नोकरी अशी की मी नसलो तरी तिथं कुणाला कळत नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात एक लांब बाक आहे. त्याचा एक पाय तोकडा, त्यामुळे टोकाचा माणूस उठला की बाकीचे सगळे झोकांडी खातात. आम्ही सकाळी जाऊन बसायचो. शिपाई नावं पुकारायचा. आमचं नाव येईपर्यंत जेवायची सुट्टी व्हायची, सुट्टीनंतर न्यायाधीशबाई दुसऱ्या कशात तरी गुंतलेल्या असायच्या, आणि मग आतून वकीलसाहेब बोटानं हवेत पुढची तारीख लिहीत बाहेर यायचे. तारखेच्या दिवशी दुकान बंद. बंद दुकान बघून गिऱ्हाइकं तयार कपड्यांच्या दुकानात वळली. परतताना मामाच्या चपला फरफटायच्या. बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून डोळे मिटायचा, पण झोपायचा नाही. बोटं मांडीवर शिवण चालवत असायची.

सोमवारही त्याच बाकावर बसायचा, दुसऱ्या टोकाला. त्याच्यावर असे आणखीही दावे होते म्हणे, त्यामुळे तो आमच्यापेक्षा जास्त वेळा यायचा आणि आमच्यापेक्षा जास्त दमलेला दिसायचा. शर्टाची कॉलर विरलेली. मामा तिच्याकडे बघून अस्वस्थ व्हायचा. मला हळूच म्हणायचा, "उलटवून लावली तर अजून दोन वर्षं जाईल." वैरी आहे तो आपला, असं मी आठवण करून द्यायचो. "वैऱ्याची कॉलर अशी असावी का?" मामा म्हणायचा.

एकदा जेवायच्या सुट्टीत बाकावर आम्ही तिघंच उरलो. मग सोमवारनं घसा खाकरला. "मास्तर, माझी ती राखाडी पँट होती तुमच्याकडे. दाव्याच्या आधीची."

"आहे," मामा म्हणाला.

"झाली का?"

"काज-बटण तेवढं राहिलंय."

सोमवार हसला नाही. त्यानं मान हलवली, एखाद्यानं आपल्याच भाषेत उत्तर दिलं की हलवतात तशी.

मामाची साक्ष झाली त्या दिवशी तेवढी जरा करमणूक झाली. सोमवारचा वकील तरुण आणि चुणचुणीत होता. त्यानं विचारलं, "तुम्ही धंद्यानं शिंपी. तुम्ही स्वतः गिऱ्हाइकांना कपडे वेळेवर देता का?"

इथं खरं तर आमच्या वकिलानं हरकत घ्यायला हवी होती. पण आमचा वकील मामाकडे टक लावून बघत बसला. त्यालाही उत्तर हवं होतं.

मामानं पिंजऱ्याच्या लाकडावर अंगठा घासला. "उशिरा देतो," तो म्हणाला. "पण साहेब, बाही लावून देतो. एक बाही लावून घाला असं म्हणत नाही."

न्यायाधीशबाईंच्या ओठांचे कोपरे जरासे हलले. कारकुनानं ते टाइप केलं की नाही कोण जाणे. मग बाईंनी हुकूम केला: कोर्टानं नेमलेला इंजिनियर जागेवर जाऊन पाहणी करेल आणि जे दिसेल ते कळवेल. आम्ही ज्याची वाट बघत होतो ते हेच. बसमध्ये मामा पहिल्यांदा खरोखर झोपला.

इंजिनियर मात्र लगेच आला नाही. त्यालाही तारखा होत्या. आणि तेवढ्या काळात मामानं जे करून ठेवलं, ते फक्त मामाच करू शकतो.

झालं असं की वरच्या मजल्यात कबुतरं शिरली. उघडी भगदाडं, आत सावली, त्यांना काय पाहिजे आणखी! मामी रोज भिंतीला धरून जिना चढायची, कोणी राहत नसलेलं घर झाडायची, थोडा वेळ दाराच्या चौकटीत उभी राहायची आणि पुन्हा भिंतीला धरून उतरायची. गुडघे दुखायचे, पण झाडणं सोडलं नाही. एक दिवस खाली येऊन म्हणाली, "आज घाण तिसऱ्यांदा काढली. भिंतीला हात लावायचा नाही ठीक आहे. कबुतरांनाही लावायचा नाही का?"

मामा टेप घेऊन वर गेला. बांधकाम करायचं नाही असा हुकूम होता, शिवणकामाबद्दल कोर्ट काही बोललं नव्हतं. शाळेच्या गणवेशाचं जाड कापड उरलेलं होतं. त्याचे पडदे शिवून भगदाडांवर लावायचे, एवढाच विचार. पण मामानं माप घेतलं आणि तो अडकला. एकही खिडकी चौकोनी नव्हती. एक डावीकडे कललेली, एक खाली रुंद, एकीचा वरचा काठ पोटासारखा सुटलेला. सोमवारच्या कामाचा नमुनाच तो. दुसरा कोणी असता तर त्यानं सरळ तुकडे ठोकले असते आणि मोकळा झाला असता. मामाचा उभा जन्म लोकांचे खांदे सारखे दिसावेत यात गेला. एक खांदा उतरता असला की तो आत गादी घालतो, पोट सुटलेलं असलं की पट्टा चढवतो, आरशासमोर माणूस सरळ दिसला पाहिजे. त्यानं प्रत्येक खिडकीचं वेगळं माप घेतलं, कुठे उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं कापड लावलं, कुठे कळीचा तिकोनी तुकडा घातला, कडांना दुहेरी दुमड. ते पडदे मात्र त्यानं वेळेवर पुरे केले. त्याच्या आयुष्यातलं ते पहिलं वेळेवर झालेलं काम.

लावल्यावर मी वर गेलो आणि खरंच थबकलो. खोली खोलीसारखी दिसत होती. वाकडी भिंतसुद्धा सरळ वाटत होती.

"कसे बसलेत?" मामानं विचारलं.

"झोल नाही एकही," मी म्हणालो. मलाही अक्कल तेवढीच.

पाहणीच्या दिवशी सकाळी मामी म्हणाली, "ते पडदे काढा हो. येणाऱ्याला भोकं दिसू देत."

"काही हलवायचं नाही," मामा म्हणाला. "वकीलसाहेबांनी बजावलंय. आहे तसं राहू द्यायचं." हुकूम पाळायचा तर असा पाळायचा. मामीनं नाद सोडला. पण बाहेरचा माणूस घरी येणार म्हटल्यावर तिच्याही हातांना राहवलं नाही. तिनं फरशी धुतली, आणि पाहुण्याला टेकायला एक खुर्ची वर नेऊन ठेवली.

इंजिनियर दुपारी आला. घामेजलेला, बगलेत फाइल, त्या दिवसातली ही त्याची कितवी तरी पाहणी. मागोमाग सोमवार आणि त्याचा तो चुणचुणीत वकील. आमचे वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात अडकले होते. इंजिनियर वर आला, खुर्ची दिसताच बसला, पाणी प्यायला आणि चौफेर बघून म्हणाला, "वा. छान थंड आहे इथं. पडदे मस्त बसलेत."

मामाचा चेहरा उजळला. मला तिथंच कळलं की आता संपलं.

"बघा ना साहेब," तरुण वकील म्हणाला. "पडदे लागले, फरशी धुतलेली, खुर्ची मांडलेली. राहायला लागलेत."

"कबुतरं राहत होती," मामी म्हणाली. "आम्ही खाली राहतो."

"खिडक्या वाकड्या आहेत साहेब," मी म्हणालो. "पडद्याच्या मागं बघा."

इंजिनियरनं बसल्या जागेवरून बघितलं. "सरळ दिसतायत की."

मामा पुढं झाला. "काढून दाखवतो." पण ते निसटू नयेत म्हणून त्यानंच प्रत्येक पडदा जागोजाग नाड्यांनी खिळ्यांना बांधलेला. गाठी त्याच्याच हातच्या. पहिली सुटेना. सोमवार एका बाजूला उभा राहून ते बघत होता. मला वाटलं, हा आता काहीतरी बोलेल. त्यानं पडद्याची कड बोटात धरून उलटीसुलटी केली आणि सोडून दिली. मामाची तिसरी गाठ सुटेपर्यंत इंजिनियर फाइल मिटून जिन्यापर्यंत पोचला होता. कठडा नसल्यानं तो पहिल्या पायरीवर घुटमळला. मी खांदा दिला. माझा खांदा घट्ट धरून तो एकेक पायरी खाली उतरला, रस्त्यावर गेल्यावर हात झटकले आणि म्हणाला, "जपून राहा हं. जिना जरा अवघड आहे."

पुढच्या तारखेला त्याचा अहवाल कोर्टात वाचला गेला. खिडक्यांना मापात पडदे, जागा स्वच्छ, बसण्याची सोय, मजला वापरात असल्याचं दिसतं. सोमवारचा वकील म्हणाला, राहायला गेले म्हणजे काम पुरं झाल्याचं त्यांनीच मान्य केलं. न्यायाधीशबाईंनी पुढची तारीख दिली. आमचे वकीलसाहेब व्हरांड्यात आले. अंगात तोच जुना कोट, कोपरावर चकाकणारा. "मास्तर, अहो काय करून ठेवलंत हे! पुन्हा पाहणी मागतो, पण आता लांबलं सगळं." मामा बाकाच्या टोकावर बसला होता. उत्तर द्यायला उठला, तेवढ्यानंही बाक हलला आणि उरलेले झोकांडले.

आम्ही घरी पोचलो तेव्हा पडद्याआड एक गिऱ्हाईक पँट घालून बघत होतं. दुकान बंद असताना दार ढकलून आत आलेलं, जुनं, हक्काचं. मामी मागच्या खोलीत. मामानं पडद्याच्या अलीकडूनच तिला सगळं सांगितलं, कारण पलीकडे जायला वाट नव्हती.

"म्हणजे काय म्हणतात ते?" आतून मामी.

"आपण वर राहतो म्हणतात."

"असं कोर्टात म्हणाले?"

"वाचून दाखवलं सगळ्यांसमोर."

 पडद्याआडचं गिऱ्हाईक बिचारं हलायचं थांबलं होतं. मग भांड्यांचा आवाज झाला.

"दोनच मिनिटं, वहिनी," गिऱ्हाईक म्हणालं.

"डोळे मिटते मी," मामी म्हणाली आणि एका हातात पातेली, काखेत अंथरूण घेऊन पडदा बाजूला सारून सरळ बाहेर आली. गिऱ्हाईक अर्ध्या पँटीत आरशाला चिकटलं. मामी त्याच्याकडे न बघता दुकानातून रस्त्यावर, रस्त्यावरून जिन्याकडे.

"अगं, राहिलो तर दावा हरू आपण!" मामा मागून गेला. "वकीलसाहेब म्हणतील—"

"त्यांना म्हणावं, कोट घेऊन जा आधी." मामी भिंतीला धरून चढत होती. "इतके दिवस खरं बोलून खालीच राहिले ना? आता त्यांनी लिहिलंय वर राहते, तर वर राहते. हरायचंय तर निदान वर बसून हरू."

"दार नाहीये वर!"

"मग आणा."

मामा रस्त्यात उभा राहिला. थकल्यावर तो उजवा हात खिशात घालून कात्री चाचपतो, तसं त्यानं केलं. बराच वेळ वर बघत राहिला. मग दुकानात गेला आणि मला हाक मारली. कापड कापायच्या टेबलावरची फळी त्यानं खाली उतरवायला घेतली होती. जुनी, गुळगुळीत, कडेला इंचांच्या खुणा असलेली. तिच्यावर त्याचा सगळा धंदा.

"कापणार कशावर?" मी विचारलं.

"धर त्या बाजूनं."

आम्ही ती जिन्यावरून वर नेली. मी आतल्या बाजूनं, तो कडेच्या बाजूनं, जिथं कठडा नाही तिथून. चौकटीत ती बसली नाही. रुंदीला बरोबर झाली, पण वर हातभर जागा मोकळी राहिली. बिजागरी नाही, खिळा नाही, नुसती आतून टेकवायची. हुकमाचा भंगही नको म्हणून मामानं भिंतीला एकही टोच मारली नाही. मामीनं आत खेचून घेतली, खाली पातेलं लावून टेकवली. कडी नव्हतीच.

मी खाली आलो, गिऱ्हाइकाला वाटेला लावलं, दिवे मालवले. मामा तोवर मशीनवर बसून होता, काही न शिवता. मग त्याला आठवलं की जेवण आता वर आहे. तो जिना चढला. मी पायथ्याशी होतो.

त्यानं फळीवर बोटांनी वाजवलं.

"कोण आहे?" आतून मामीचा आवाज आला. वरच्या मोकळ्या फटीतून तिला त्याचं टक्कल दिसत असणार.

"मी आहे."

"मी कोण?"

मामानं माझ्याकडे वळून बघितलं. मी खांदे उडवले.

"शिंपी," मामा म्हणाला.

"थांबा जरा. पातेलं काढते."

ती लगेच उठल्याचं काही ऐकू आलं नाही. मामा थोडा वेळ उभा राहिला, मग पाय दुखले असावेत, वरच्या पायरीवर बसला. भिंतीकडच्या बाजूला अंग चोरून.